ऑपरेशन चालू असताना आलेला फोन

१२ फेब्रुवारी, बुधवार

मायाक्का अजून शुद्धीवर नाहीत. व्हेंटिलेटरवर आहेत. पित्ताशयातले खडे काढायचे, एवढंच होतं — सकाळी स्वतः चालत टेबलापर्यंत आल्या. "लवकर करा बाई, मेंढरं दुसऱ्याच्या जिवावर सोडून आलीया," म्हणाल्या.

भूल मी दिली. ऑपरेशन बसवेश करत होता. मध्येच त्याचा फोन वाजला. नेहमीप्रमाणे सिस्टरनं स्पीकरवर लावला. आमच्या नव्या घराच्या फरशीवाल्याचा. मॉनिटरच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून बसवेश म्हणाला, "राजी, तो जरा कमी कर." मी केला. नवऱ्याचं ऐकायची सवय — ऑपरेशन थिएटरातसुद्धा! मग, "त्यानं फरशीचे फोटो पाठवलेत, बघ गं. राखाडी की पांढरी?"

मी बघितले. एकेक करून सगळे.

मान वळवली तर मायाक्कांचे ओठ निळे. चादरीखाली श्वासाची नळी निसटली होती. मॉनिटर वाजतच होता, पण बारीक. हृदय थांबलं. आम्ही ते पुन्हा सुरू केलं. मेंदूचं काय, ते देवाला ठाऊक.

१३ फेब्रुवारी

डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. बाहुल्या आकसत नाहीत.

त्यांचे यजमान धुळाप्पा आयसीयूच्या दाराशीच बसलेले असतात. मला बघून उठले. "आज उठंल की, मॅडम?" मी "बघू" म्हणाले आणि तिथून पळाले. जिन्यात उभी राहून तोंडात पदर कोंबला.

१४ फेब्रुवारी

बसवेशला म्हटलं, त्यांना खरं सांगू या.

"काय सांगणार? फरशी बघत होतो? हॉस्पिटल फोडतील. हृदय कुणाचंही थांबतं, राजी."

"थांबलं नाही. आपण थांबवलं."

ताट सरकवून उठला.

दुपारी थिएटरच्या दारावर कागद चिकटवला — आत फोन न्यायचा नाही, कामाशिवाय बोलायचं नाही, मॉनिटरचा आवाज कमी करायचा नाही. सगळ्यांनी फोन बाहेर ठेवले. बसवेशनंही. कुणाचं काही अडलं नाही. एवढं सोपं होतं! हात धुताना रडू आवरेना.

१५ फेब्रुवारी

मायाक्कांचे केस विंचरले. दुसरं काही करता येत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मायाक्का गेल्या.

आता सांगायचंच, असं ठरवून धुळाप्पांकडे गेले. बसवेश आधीच तिथं होता, त्यांच्यासमोर खाली बसलेला. सगळं सांगून झालं होतं. धुळाप्पा ओरडले नाहीत, रडलेही नाहीत. एवढंच विचारलं, "फोन लई निकडीचा हुता का, डॉक्टर?"

"नाही," बसवेश म्हणाला.