सहा मीटरवरचा दिवा

सोमवार, ३ जून
नवी नोकरी, नवी खोली, स्वतःची किल्ली. भावाच्या घरी वहिनी रोज सकाळी मी अजून इथेच आहे का, हे डोकावून बघत असे, त्यातून सुटले. डोळ्यांच्या दवाखान्यात तिरळेपणा मोजायचं काम, बावीस वर्षं तेच करते आहे. महिनाभर चाचणीवर, मग कायम. नाही जमलं तर परत वहिनी.

मोठे डॉक्टर माझ्या खांद्याला लागतात. मोठेपणा दारावरच्या पाटीपुरता. बाहेर बसणारी बाई टेबलावरची घंटा अशी हाणते, की पेशंटच्या आधी नातेवाईकच उठून उभे राहतात. तिचं नाव मी घंटाबाई ठेवलं.

माझी खोली मात्र सुरेख. एका टोकाला पेशंटची खुर्ची, समोर सहा मीटरवर भिंतीत इवलासा दिवा. फरशीवर खुर्चीपासून दर मीटरला पट्टी. पहिल्या पट्टीवर, जरा बाजूला, माझं स्टूल.

बुधवार, ५ जून
आज चार पेशंट आले, चौघांना दोन दिवे दिसले. चौघांचेही डोळे किंचित नाकाकडे वळलेले. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू. बाहेर ओढणारा दुबळा पडला, की आत ओढणारा मोकाट सुटतो. पण एकेक डोळा झाकून पाहिला तर दुसरा व्यवस्थित बाहेर फिरतो. बाराच्या बारा स्नायू ठणठणीत. शिवाय बाहुल्या आकसलेल्या. त्या आकसतात माणूस जवळचं काही बघायला लागला की, आणि तेव्हाच मागचं सगळं दोन दिसतं. बोट नाकासमोर धरून पलीकडे लक्ष द्यावं, कोणालाही कळेल.

म्हणजे डोळे बरे आहेत. ते फक्त दिव्याच्या अलीकडचं काहीतरी बघतायत. कोनावरून अंतर काढलं: चार मीटर. चौथ्या पट्टीवर काही नाही. झाडूही मारून घेतला.

सोमवार, १० जून
तीन मीटर. सगळ्यांचं तेच. एका निवृत्त मास्तरांना विचारलं, समोर काय दिसतं? म्हणाले, तुम्ही आणि दोन दिवे, आणि मला पहिल्यांदाच असं होतंय, बाई, घरी सगळं एकच दिसतं, बायकोसुद्धा.

डॉक्टरांना कागद दाखवले. त्यांनी आधी माझ्या चष्म्याचा नंबर विचारला, मग वय. म्हणाले, एका खोलीतल्या सगळ्या पेशंटना एकच आजार नसतो, मोजणारीला असतो. मी म्हटलं, तुम्हीच बसा खुर्चीत. तर म्हणे, वेळ नाही. अजून एक असा कागद आला, तर दुसरीकडे काम बघायचं.

गुरुवार, १३ जून
दोन मीटर. कागदावर ‘सामान्य’ लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं. पेन अडखळलंसुद्धा नाही, याचाच राग येतोय.

शुक्रवार, १४ जून
कपाटात आधीच्या बाईंची वही सापडली. चार मीटर, तीन मीटर, खाडाखोड, दोन मीटर. मग पानंच्या पानं ‘सामान्य’. शेवटच्या पानावर ओळी एकमेकींवर चढलेल्या.

घंटाबाईला विचारलं. म्हणाली, बाई चांगल्या होत्या हो, फक्त शेवटी शेवटी चहाचा कप टेबलाच्या बाजूला हवेत ठेवायच्या. सहा कप फोडले. मग यायच्याच बंद झाल्या. पर्सही नेली नाही.

सोमवार, १७ जून
एक मीटर. म्हणजे माझं स्टूल.

मंगळवार, १८ जून
सगळ्यांचे डोळे सरळ. दिवा एक. खरंखुरं सामान्य. डॉक्टर म्हणाले, बघा, मन लावून मोजलं की येतं.

पेशंटच्या डोळ्यांसमोर आता काही नाही. मग ते गेलं कु—

स्टूल सरकवलं. काही उपयोग नाही. ते स्टुलापाशी नव्हतंच. माझ्यापाशी होतं.

गुरुवार, २० जून
घंटाबाईनं आणलेला चहा घेतला. कप टेबलावर ठेवला. फुटला.

शुक्रवार, २१ जून
दार दोन. एक डोळा झाकला की एक. आरशात माझ्या बाहुल्या मोहरीएवढ्या. खोलीबाहेरही तसंच, रस्त्यावरही. घरीही. वहिनीकडे जाऊन काय करू, दोन वहिन्या—

सोमवार, २४ जून
डॉक्टरांनी कायम केल्याचं पत्र दिलं. आठवडाभर आधीच. टेबलावर दोन पत्रं होती. एकावर सही केली, ती टेबलावर उमटली. ते हसले. मी सांगायला तोंड उघडलं. म्हणाले, वेळ नाही.

मंगळवार, २५ जून. दुपार
दिवा दोन. खुर्ची दोन. समोर धरलेला माझा हात—दोन. म्हणजे आता ते हाताच्या अलीकडे आहे. दिसत काही नाही. डोळे मात्र बघतायत. मला न विचारता.

वही तेवढी एक. अगदी नाकाशी धरून लिहितेय. वही एक आहे तोवर—

ओळी चढायला लागल्या.

वही दोन. म्हणजे वहीच्याही अलीकडे, माझ्या आणि