धुतलेली द्राक्षं

बाबा,

परवा फ्रान्समधल्या एका छोट्या शेतावर वाइन प्यायले आणि पहिल्याच घोटाला तुमची आठवण आली. नवरा-बायको दोघंच राबतात, तळघरात मोजकी पिंपं. वाइन गढूळ, जराशी आंबट, बाहेरचं काहीही न घालता केलेली. असल्या वाइनचा हट्ट आपल्या ओळखीत फक्त तुमचा होता. मी त्या बाईंना विचारलं, यीस्ट घालत नाही, मग हे आंबतं कसं? त्या हसल्या. म्हणाल्या, "सालीवरच असतं सगळं. म्हणून आम्ही द्राक्षं कधी धूत नाही." मला पुढचा घोट घेवेना.

सौदीतल्या अल-खोबरचं आपलं स्वयंपाकघर. दारूला तिथे सक्त बंदी. ताइफची द्राक्षं बाजारात आली की तुम्ही पेटी घेऊन येता, खिडकीचा पडदा ओढता आणि म्हणता, "यंदा जमणार." शेजारपाजारचे लोक डब्यातल्या रसात पावाचं यीस्ट टाकून चोरून काहीतरी करत, त्याला तुम्ही नाक मुरडायचात. "बागायतदाराचा मुलगा आहे मी. द्राक्षाला आपलं काम कळतं." आई इस्पितळात नर्स, तुम्ही तिथल्याच लॅबमध्ये, त्यामुळे घरात स्वच्छतेचं सोवळं. फळं आधी परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात, मग कडकडीत पाण्यातून. पेटी दिसली की आई बाह्या सरसावून पुढे यायची, "द्या इकडे, मी धुते." तुम्हाला त्याचं केवढं कौतुक! बरणी काही दिवस ढिम्म बसायची, मग वर हिरवी बुरशी. दरवर्षी तेच. जन्मभर जंतू पाहिलेल्या माणसाला हे कळू नये, याचं आता हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

मग सौदीकरण आलं. तुमच्या जागी सौदी माणूस घ्यायचा हुकूम निघाला, त्याला तुम्हीच सगळं शिकवलंत, आणि तुम्ही निघताना त्याने तुम्हाला मिठी मारली. त्या शेवटच्या मोसमात तुम्ही घरीच होतात. रोज बरणीला कान लावून बसायचात. तीही सडली. गावी परतलो, तिथे दाराशी द्राक्षं लटकत होती आणि कुणाची भीती नव्हती. मी म्हटलं, बाबा, आता करा की. तुम्ही म्हणालात, "माझ्या हाताला यश नाही गं." नोकरीबद्दल तुम्ही कधी असं बोलला नाहीत, वाइनबद्दल बोललात. पुढे दोन वर्षांत तुम्ही गेलात.

त्या शेतावरूनच मी आईला फोन लावला. वाटलं, तिलाही धक्का बसेल. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं." पहिल्या वर्षी तुम्ही ड्यूटीवर असताना तिने झाकण उघडलं होतं. द्राक्षं न धुता घातलेली, बरणी चांगली फसफसत होती, घरभर वास. "तुझ्या बाबांच्या इकाम्यावर, त्या राहण्याच्या परवान्यावर, आपण सगळे. कुणाला वास आला असता तर तुरुंग, आणि मग खलास. मी ओतून दिली. त्यांना सांगितलं, सडली होती. ते पुन्हा करणार हे माहीत होतं, म्हणून मग दरवर्षी धूत गेले." "नंतर तरी सांगायचंस, गावी आल्यावर," मी म्हटलं. "तेव्हा कुठल्या तोंडानं सांगणार?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

बाबा, तुमची पहिल्याच वर्षी जमली होती. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं, आणि सांगायला तुम्ही नाही. आईवर रागवायचं मी खूप मनावर घेतलं, पण जमत नाही. माझ्या पोरांच्या बाबतीत असा प्रसंग आला असता, तर मीही ती बरणी ओतूनच दिली असती. आणि तुम्हाला कधीच सांगितलं नसतं.