काहीच न करणारं रसायन

३ नोव्हें., सोम.
पिवळीची, म्हणजे पेशीतलं कायनेज नावाचं एन्झाइम बंद पाडणाऱ्या आमच्या पिवळ्या रसायनाची, मात्रा उतरवून पाहिली. सर नेहमी दहा मायक्रोमोलर टाकतात, मी एक टाकलं. ब्लॉटच्या कागदावर कायनेजच्या कामाची पट्टी पूर्ण गेली. म्हणजे कायनेज बंद, पुढचा संदेश बंद. तरी ओरखडा भरला. पिपेटच्या टोकाने पेशींच्या थरात रेघ ओढली होती. दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत आल्या आणि मध्ये भेटल्या. कोणी अडवलंच नव्हतं.
सरांच्या पेपरचं म्हणणं एका ओळीचं आहे: हे कायनेज बंद केलं की पेशी सरकत नाहीत. पेपर केबिनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलाय. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्याच्यावर उभं. माझ्या ज्युनिअरचं, रुबीनाचं, तर सगळंच काम.
काहीतरी चुकलं असेल माझं.

६ नोव्हें., गुरु.
चुकलं नव्हतं. पुन्हा तेच.
सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, दहाच का?
"पाचाला दिसत नव्हतं."
इतकं सरळ उत्तर. परिणाम दिसेपर्यंत मात्रा वाढवली, दिसला तिथे थांबले. एवढ्या मात्रेला पिवळी आणखी कशाकशाला धरत असेल, देव जाणे.
म्हटलं, मुकी मागवू या. मुकी म्हणजे पिवळीची जुळी. एक मिथाइल गट जास्तीचा, त्यामुळे या कायनेजला तिला धरता येत नाही. बाकी सगळं तेच. मुकीनेही ओरखडा उघडा राहिला, तर पेशी थांबतात ते कायनेजमुळे नाही.
सर म्हणाले, "ज्यानं काहीच होत नाही ते विकत कशाला आणायचं?"
लॅब हसली. मीही हसले.

१३ नोव्हें., गुरु.
माझ्या पुण्याच्या मैत्रिणीने, वैशालीने, तिच्या लॅबमधली थोडी मुकी पाठवली. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे, बर्फाच्या डब्यात. द्वारका चौकात उभी राहिले. सगळं खोदून ठेवलंय, बस कुठे थांबणार ते कोणालाच माहीत नाही. शेवटी पुलाखाली सापडली.
ड्रायव्हर: "मॅडम, मासे आहेत का? गाडीत वास येईल म्हणून मागं ठेवलं."
"मासे नाहीत, औषध आहे. पण त्याने काही होत नाही."
"मग पाठवलं कशाला?"
सर आणि हा. दोघांचं एकमत.
रिक्षात डबा मांडीवर. गार पडलेल्या मांड्या घेऊन कॉलेजात पोचले.

१५ नोव्हें., शनि.
आमच्याकडे प्लेटच्या झाकणावर आद्याक्षर लिहितात. ज्याची प्लेट त्याचं अक्षर. सर सकाळी येतात ते थेट इनक्युबेटरपाशी. बॅगही खाली ठेवत नाहीत. एकेक झाकण वाचतात. कोण काय करतंय ते विचारावं लागत नाही.
मुकीच्या प्लेटवर मी अक्षर लिहिलं नाही. फक्त एक टिंब दिलं. मागे, कोपऱ्यात ठेवली.
बिनाअक्षराची प्लेट या लॅबमध्ये पाहिल्याचं आठवत नाही.

१७ नोव्हें., सोम.
मुकी, दहा. पट्टी जशीच्या तशी. कायनेज चालू. आणि ओरखडा उघडा. काठ सरळ, जसा ओढला तसा.
म्हणजे पिवळीच्या एक मात्रेला कायनेज बंद आणि पेशी चालतात. दहाला मुकीने कायनेज चालू आणि पेशी थांबतात. दोन्ही टोकांनी सरांचं वाक्य खोटं.
मायक्रोस्कोपवरून डोळे काढले तेव्हा रुबीना शेजारच्या टेबलावर दहाची पिवळी मोजत होती. गुणगुणत.

१८ नोव्हें., मंगळ.
आई कांदेपोहे करत होती, मी बडबडत होते. तिला विषय नेहमीच अर्धा कळतो, पण ऐकते पूर्ण.
"म्हणजे पिवळीवर उगाच आळ?"
"आळ कायनेजवर होता. ते सुटलं."
"मग चांगलं झालं की गं."
"सरांचं वाईट झालं."
ढवळणं थांबलं. "पीएचडीची नोंदणी कधी संपते तुझी?"
डिसेंबरअखेर. सही सरांची. हे तिला माझ्याआधी आठवलं.

२० नोव्हें., गुरु.
सरांना दाखवलं. दोन्ही ब्लॉट, सगळे फोटो. बराच वेळ बघत होते. बघणं प्रामाणिक होतं, ते लिहून ठेवायला हवं.
मग: "मुकी शुद्ध होती कशावरून?"
वैशालीच्या लॅबने तपासलेली आहे म्हटलं.
"दुसऱ्याच्या बाटलीवर माझा पेपर मोडायला निघालीस. लय शहाणी झालीस."
चिडले की त्यांच्या गावची, हरसूलची बोली बाहेर येते. नंतर आवाज उतरला. म्हणाले, "बाजाराच्या दिवशी बापाबरोबर नागली विकायला बसायचो मी. तिथून इथवर आलो. या लॅबमध्ये पिवळीच मुश्किलीनं आली, मुकी कुठून आणणार होतो."
हे खरं आहे. हेही खरं आहे की दोन ठिकाणांहून मला परत पाठवलं तेव्हा याच माणसाने मला टेबल दिलं. एक चौकशी न करता.
शेवटी: "सुजाता, चौथं प्रकरण काढून टाक. तीनवर पीएचडी होते. खोटं लिही म्हणत नाही मी तुला."
नाही म्हणत. तेच तर.

२२ नोव्हें., शनि.
रुबीनाला सांगितलं. कॅन्टीनच्या मागे, पार्किंगमध्ये. वाटलं होतं रडेल. चिडली.
"ताई, मला आत्ता कशाला सांगितलं?"
"मग कधी सांगायचं?"
"फेलोशिप वाढवायचा अर्ज आत्ताच गेलाय. आठ-दहा दिवसांत कळेल. त्यात पहिल्या पानावर सरांचाच पेपर आहे." मग हळू आवाजात, "अब्बूंना दोन वर्षं थांबा म्हटलंय. ते सुद्धा फेलोशिप आहे म्हणून थांबले. नाही तर मालेगावचा मुलगा तयारच आहे. मोबाइलचं दुकान."
"दुकान कसं आहे?"
"चांगलंय. तेच तर वांधे आहेत."
दोघी हसलो. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही सबमिट करा, ताई. गप्प राहा थोडे दिवस. माझं मी बघते."
मी गप्प राहावं असं आता तीन जणांना वाटतं. सरांना, रुबीनाला, आईला. चौथी मी. माझं मत विचारलं तर मलाही तेच वाटतं.

२४ नोव्हें., सोम.
चौथं प्रकरण काढलं. पानांचे आकडे आपोआप बदलले. प्रबंध बारीक झाला आणि जास्त नेटका दिसतोय.

२८ नोव्हें., शुक्र.
सबमिशनआधीचं सादरीकरण. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, कानात यंत्र. अर्धा वेळ झोपलेत असं वाटलं.
तीन प्रकरणं झाली. पण प्रस्तावनेत सरांच्या पेपरमधलं चित्र होतं, ते काढता येण्यासारखं नव्हतं. परीक्षकांनी नेमकी तीच स्लाइड परत लावायला सांगितली.
"या रोधकाचं निष्क्रिय जोड रसायन मिळतं. ते वापरून पाहिलंत?"
मी तोंड उघडलं. सर पहिल्या रांगेतून म्हणाले, "उपलब्ध झालं नाही, सर."
परीक्षकांनी मान हलवली, काहीतरी टिपलं. रुबीना मागच्या रांगेत पायाकडे बघत होती.
माईक माझ्यापुढे होता. चालू होता. मी म्हटलं, "धन्यवाद."
मुकी ठेवलेला फ्रीझर हॉलपासून एका भिंतीपलीकडे.
नंतर समोसे. सरांनी स्वतः माझ्या हातात बशी दिली. "छान बोललीस."

१ डिसें., सोम.
सर दिवसभर गोड. सही शुक्रवारी सकाळी, म्हणाले. पेढे मीच आणायचे, असंही.
मी बाटल्या धुतल्या. धुतलेल्या परत धुतल्या.
त्या म्हाताऱ्याला खरंच ऐकू कमी येत होतं का? त्याने सरांकडे पाहिलं नव्हतं. माझ्याकडे पाहत होता, उत्तर येऊन गेल्यावरही.

४ डिसें., गुरु.
रुबीनाची फेलोशिप वाढली. परवाच कळलं होतं, मला आज दुपारी सांगितलं. सांगितलं म्हणजे, एक प्लेट मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि म्हणाली, "बघा."
भरलेला ओरखडा.
"पिवळी, एक," ती म्हणाली. "तीनदा केलं. तिन्ही वेळा भरला."
"कधी केलंस?"
"तुम्ही जेवायला जाता तेव्हा. तुम्ही फार हळू जेवता, ताई."
प्लेटवर अक्षर नव्हतं. कोपऱ्यात टिंब होतं. माझ्याकडूनच शिकली.
"मुकी उरलीय ना?"
एक नळी उरली होती. काढली, मुठीत धरली, वितळू दिली. रेघ रुबीनाने ओढली. माझ्यापेक्षा सरळ ओढते. मुकी सोडली, प्लेट हलवली, झाकण लावलं. सर केबिनमध्ये फोनवर होते, दार उघडं.
ती मार्कर घेऊन थांबली. "माझं अक्षर लिहिते. माझं झालंय आता, वर्षभर कोणी काढत नाही मला. तुमची सही उद्या आहे."
"सर तुला काढणार नाहीत. पण जगूही देणार नाहीत."
"मग टिंब देऊ?"
तिने खरंच विचारलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.
सर फोनवर हसत होते. पलीकडे कोणीतरी त्यांचं अभिनंदन करत असावं, माझ्या प्रबंधाबद्दल. "हो, पोरगी मेहनती आहे," म्हणाले.
मार्कर घेतला. झाकणावर सु. लिहिलं, शेजारी मुकी, दहा. हातमोजा स्पिरिटने ओला होता, शाई पसरली, अक्षर गेलं. मोजा काढला. झाकण ओढणीने कोरडं केलं. पुन्हा लिहिलं, मोठं.
प्लेट पुढच्या कप्प्यात ठेवली. दारापाशीच.
पेढे आणून ठेवलेत. सर सकाळी आधी इनक्युबेटर उघडतात. मग केबिन.