काचेच्या पाटीवरचं नाव

बदनापूर,
रविवार, १२ जानेवारी २००३

चि. साहेबरावास भुजंगचे आशीर्वाद.

सहा वर्षांनी दादाचं पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे खुशाल आहोत. तुझी वहिनी सकाळपासून तीळ भाजत बसली आहे आणि घरभर वास सुटला आहे. मी संशोधन केंद्रावर अजून तुरीच्याच मागे. कोणत्या ओळीला कधी फूल लागलं, किती शेंगा धरल्या, हे शिसपेन्सिलीने टिपत असतो. दहिवरात शाई पसरते ना.

लिहायला कारण तुझ्या कॉम्प्युटरच्या कामातलं आहे. पाटीसारख्या ज्या नव्या कॉम्प्युटरचा फोटो नोव्हेंबरात पेपरात आला होता, तो परवा पुण्याचे एक साहेब केंद्रावर दाखवायला घेऊन आले. पडदा गर्रकन फिरवून झोपवला की झाली पाटी, आणि वर लिहायला तिची वेगळी लेखणी. माझं मत विचारशील तर वस्तू देखणी, पण भारी नखरेल. पाच मिनिटांत मांडी तापवली. उन्हात नेली तर पडद्यावर माझंच तोंड दिसायला लागलं. तुरीत उभं राहून काम करायचं तर आपली पेन्सिलच बरी. पण ती लेखणी काय चालते रे! हाताला भार म्हणून नाही. मला तर वेड लागायचंच बाकी राहिलं.

माझं अक्षर बरं म्हणून साहेबांनी पाटी माझ्याच हातात दिली. आधी श्री काढला. मग दुकानात पेन घेताना चालवून बघतो तसं सहज एक नाव लिहिलं. ते बघून मीच दचकलो आणि घाईघाईने पुसायला गेलो, तर बोटाला थुंकी लावून! शाळेत पुसायचो तस्सं. साहेब ओरडलेच. सगळे हसले. शेंगा तोडायला येणाऱ्या सखूबाईंनी विचारलं, "भुजंगराव, कोणाचं नाव पुसून राह्यले?"

"माझ्या धाकट्याचं."

"मंग पुसता कशाला?"

मी पाटी साहेबांना परत देऊन टाकली.

साहेबराव, आता तुला सांगतोच. तुझ्या लग्नाला मी रागाने आलो नाही असं तू समजतोस, आणि मीही तसं समजू दिलं. मुलगी आपल्यातली नाही म्हणून भावकी धुसफुसत होती हे खरं, पण मला राग नव्हता. त्या दिवशी मी आणि वहिनी आहेराची साडी घेऊन इथल्या फलाटावर उभे होतो. तिकिटंही काढली होती. तेवढ्यात भावकीतले आबारावकाका आले.

"लग्नाला जाऊन राह्यला का रे?"

"न्हाई काका, पाहुण्याला सोडायला आल्तो."

तोंडातून निघून गेलं. एकदा तसं म्हटल्यावर त्यांच्या देखत गाडीत चढायचं कसं? गाडी आली आणि गेली. वहिनीने साडी घरी आणून पेटीत ठेवून दिली. तुझा दादा भ्याला, एवढंच झालं. मला त्याची फार लाज वाटते.

काल काकांच्या ओट्यावर जाऊन सांगून आलो की धाकट्याच्या घरी निघालोय.

"जा की मंग, मी कुठं धरलं तुला?" ते म्हणाले. सहा वर्षं मी ज्यांना भीत होतो, त्यांना फलाटावरचं काही आठवतही नव्हतं. मला हसू आलं, आणि घरी आल्यावर रडूही.

तर संक्रांत आणि कर झाली की गुरुवारी आम्ही दोघं निघतो, मनमाडला गाडी बदलून. साडीला वहिनीने ऊन दाखवून ठेवलं आहे. तुझ्या मनात राग असेल तर समोर बसवून काय ते बोल. मी ऐकून घेईन, बिलकुल उलटून बोलणार नाही.

तुझ्या बायकोचं नाव पत्रिकेत वाचलं, तेवढंच. या घरात कोणी ते घेतलं नाही, मीही नाही.

चि. सौ. हेमांगीला तिच्या थोरल्या दिराचे अनेक आशीर्वाद.

तुझा
दादा