ते सतरंजीवर बसतील का

५ ऑगस्ट
आजही जहाज जागचं हललं नाही. परक्या बंदरात अडकून पडलोय, शिडीपाशी दोन पोलीस. आरोप असा की त्यांच्या समुद्रात शिरून मासेमारी बोटींना डिझेल विकलं. मालक म्हणतो, विकलं ते हद्दीबाहेर. मी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भांडी घासणारा. माथेरानच्या हॉटेलात घासायचो तीच, फक्त हलणारी. पासपोर्ट मात्र माझाही त्यांच्याकडे.
रंजनाचा फोन. तिचे वडील म्हणतात, तुळशीच्या लग्नापर्यंत थांबू. साखरपुडा झालाय तरी. पुढं काय, ते बोलत नाहीत.

९ ऑगस्ट
कॅप्टनचं बोलणं मला रिझवानचाचा मराठीत समजावतात. श्रीवर्धनचे, डेकवरच्या लोकांचे मुकादम. म्हणाले, आता दोन देश भांडणार, देशादेशांचे वाद चालतात त्या मोठ्या कोर्टात.
"आपला देश?"
"आपला नाय रं. जहाजावर झेंडा ज्याचा, त्याचा."
तो देश मी नकाशातही पाहिलेला नाही.

१६ ऑगस्ट
हा देश म्हणतो, ते कोर्ट आम्ही मानतच नाही. मला वाटायचं, कोर्ट म्हणजे कोर्ट. पोलीस येतो, उचलतो, उभं करतो.
चाचा म्हणाले, "देशाला कोण उचलणार? तो हो म्हणंल तवाच."
काही देश आधीच लिहून ठेवतात, आमच्यावर कुणी फिर्याद केली तर येऊ. त्यातही अमुक वाद सोडून, तमुक सोडून. काही जण भांडण झाल्यावर दोघं मिळून जातात. या दोन देशांत बंदरांचा जुना करार आहे, त्यात ओळ आहे की वाद झाला तर त्या कोर्टात. हे म्हणतात, ती ओळ मालाच्या वादाची, पकडलेल्या जहाजाची नाही.
म्हणजे आधी भांडायचं, की भांडायचं कुठं.
गावी कोंडाण्याला आप्पांना फोन करून सांगितलं. बाप हसला. "आपल्या गावकीवानीच हाय की."

१७ ऑगस्ट
भांडी घासताना आप्पांचंच आठवत होतं. आमची आळी नि खालची वाडी, ओहोळाच्या पाण्याची पाळी. तिसऱ्या गावचे पंच आणले. रीत अशी, दोघांनी गावदेवीपुढं नारळ ठेवायचा, सतरंजीवर बसायचं, मगच पंच तोंड उघडणार. आप्पा म्हणाले, मी नारळ ठेवणार नाय, हे पंच मला मान्य नाय. पण गुडघा दुखला म्हणून सतरंजीच्या कोपऱ्यावर टेकले. टेकले ते पाण्यावरून भांडतच सुटले.
पंच म्हणाले, "आप्पा, बसलात, बोललात, चहा प्यालात. नारळ आता आमी आणायचा काय?"
पाळी गेली. अजून आई चहा देताना म्हणते, "बघा हां, प्यालात तर मान्य केलंत."

२ सप्टेंबर
इथल्या कोर्टात नेलं सगळ्यांना. कॅप्टननी बजावलेलं, एवढंच सांगा की आमचा झेंडा दुसऱ्या देशाचा, विचारायचं ते त्याला विचारा. सगळे तेवढंच बोलले. मग मी. दुभाषी बाईची हिंदी गोड. घरी कोण कोण? सांगितलं. जेवलास का? सांगितलं. डिझेल दिलं त्या सकाळी गॅलीच्या खिडकीतून काय दिसत होतं?
बोलून गेलो. किनाऱ्यावर एक घर, दोरीवर वाळत घातलेले कपडे. लाल काहीतरी होतं त्यात.
कपडे दिसतात म्हणजे किनारा किती जवळ, हे बोलल्यावर लक्षात आलं. बाहेर आल्यावर सगळे माझ्यापासून लांब जाऊन उभे राहिले.

३ सप्टेंबर
चाचांना विचारलं, "मी बसलो का सतरंजीवर? माझ्यामुळं ते मोठं कोर्टपण गेलं?"
ते दोर गुंडाळत राहिले. "हितली केस बिघडवलीस. मोठ्या कोर्टाचं काय नाय. तुझ्या बोलण्यानं कुठला देश बांधला जात नाय. तू देश नायस रं."
बरं वाटायला हवं होतं. झेंडा त्यांचा, समुद्र यांचा. कपडे मात्र मी पाहिले. खरं बोललो तर सगळे तोंड फिरवतात, आणि मालक जे बोलतो ते खोटं असून चालतं.

२० सप्टेंबर
रंजना. शिळफाट्यावरून बोलत होती, मागं टेंपोचा हॉर्न.
"तुझ्या कोर्टाला सांग, माझ्या बापाची पण तारीख हाय."
"तू काय म्हणतेस?"
"मी एकदा हो म्हटलंय. परत कशाला इचारतोस?"
फोन कट. रेंज की राग, कळलं नाही.

११ ऑक्टोबर
मोठ्या कोर्टात या देशाचे वकील उभे राहिले. कॅप्टननी मोबाईलवर दाखवलं. पहिलं वाक्य, हे कोर्ट आम्हाला मान्य नाही. मग हद्द, डिझेल, सगळ्यावर बोलले. मी ओरडलोच, "बसले! सतरंजीवर बसले!"
कॅप्टन हसले नाहीत. आधी हरकत घेऊन ठेवली की पुढं काहीही बोललं तरी तिथं ते मान्य केलं असं धरत नाहीत, चाचांनी त्यांचं बोलणं समजावलं.
आप्पांना हे सांगायला नको. पाण्याची पाळी परत मागतील.

२९ ऑक्टोबर
सोमवारी निकाल. तोही एवढाच, की कोर्टाला हक्क आहे की नाही. आहे म्हणाले तर खरी केस त्यापुढं. नाही म्हणाले तर इथलंच कोर्ट, नि माझे ते कपडे.
आप्पांचा फोन. "बसलं का रं ते?"
"नाय आप्पा. दारात उभं राहूनच भांडतायत."
"आन् तू?"
"मला बस म्हणणारं हितं कोण हाय?"
आप्पा म्हणाले, "रंजनाचा बाप उद्या येतोय, खालापूरवरनं. लगीन मोडायलाच येत आसंल. मी सतरंजी टाकून ठेवतो. चहा पाजल्याबिगर सोडत नाय त्याला."