सूपभर कोंड्याची मुलगी

मार्गशीर्ष शु. ६, ठाणे
सकाळी मुलगी विकली. सूपभर कोंड्याला. घेणारी सखू आगरीण, बाळकुमची. आमच्याकडे भाजी घालते, दिवाळीनंतर मिठागरावर जाते. मुलीला तिने सुपात घेतले, मागल्या दाराने नेले, पुढल्या दाराने आत आणले. म्हणाली, "पोर माजी. तुमी निसती सांभालायची. शिमग्याला परत घ्या."
पहिला मुलगा पौषात गेला, तीन महिन्यांचा. दुसरा माघात. ही दोन महिन्यांची आहे.
जाताना सखू: "पोरीसाठी कोंडा देनारी मीच पयली असंन." सौ. हसली नाही.

शु. ८
सौ.ने सांगितलेले नियम. नाव दगडी. पाळण्यातले नाव घ्यायचे नाही. अंगावर नवे कापड नाही. दृष्ट सखूने काढायची, आपण नाही. कौतुक नाही. वहीतही नाही.
"वही कोण वाचतो?"
"ज्याला न्यायचं असतं तो वाचतो."
तेव्हा झाले तेवढेच लिहीन.

शु. १३
शाळेत वर्गासमोर हेडमास्तर: "काय मास्तर, इथे पोरांना पृथ्वी फिरते म्हणून सांगता, आणि घरी मुलगी कोंड्यावर घालता?" मुले हसली. मी नकाशा गुंडाळला. माझा विश्वास नाही, हे त्यांना सांगता आले असते. सांगितले नाही.
घरी येऊन हात शेगडीवर शेकले, मग तिला घेतले.

वद्य ४
गारठा. खाडीकडची खिडकी गोणपाट लावून बंद केली. सौ.ने ओव्याची धुरी दिली. वालाचे बिरडे, बाजरीची भाकरी, तव्यावरून थेट ताटात. जेवायला बसलो तर दगडीने माझे बोट धरले. सोडवले नाही. भाकरी गार झाली. तशीच खाल्ली.

पौष शु. २
पौष लागला. सौ.ने पंचांग फळीवर पालथे ठेवले आहे. तिथी विचारायला शेजारी जावे लागते.
दुपारी दगडी तिच्याकडे पाहून हसली. सौ.ने तोंड फिरवले आणि चुलीत लाकूड सारले. चुलीवर काही नव्हते.

संक्रांत
शेजारी बोरन्हाण. बोरे, चुरमुरे, पोरांचा गलका. बोलावणे आले होते. सौ. म्हणाली, "आमच्या घरात बाळ नाही, सखूचं आहे." दार लावून घेतले.
मग एक बोर दगडीच्या मुठीत दिले. जरा वेळाने काढून घेतले. मी पोथी वाचत होतो, असे तिला वाटले.

पौष वद्य ३
चूक झाली. ओटीवर ऊन खात बसलो होतो, दगडी मांडीवर. तिने आवाज काढला, पहिल्यांदाच असा, लांबलचक. मी मोठ्याने म्हणालो, "कोण गं माझी राणी?"
सौ. दारात उभी होती. हातात रोवळी, तांदळाचे पाणी निथळत होते.

वद्य ४
खोकला.

वद्य ५
अंग तापले. घशात घरघर. सौ. माझ्याशी बोलत नाही. थंडीने झाले, बोलण्याने होत नाही, असे मी दोनदा म्हणालो. दुसऱ्यांदा माझे मलाच ऐकवेना.
डॉक्टरकडे नेऊ म्हटले. तेव्हा बोलली. "आधी सखूला विचारा."
"औषध पाजायला सखूला कशाला विचारायचं?"
"पोर तिची आहे."
बाळकुमला चालत गेलो. सखू मिठागरात उभी, पोटऱ्या पांढऱ्या झालेल्या, मीठ ओढत होती. ऐकून म्हणाली, "इचारता काय मास्तर? पाजा दवा! पन डाक्तर इचारंल पोर कोनाची, तवा चुकू नका." पुन्हा मीठ ओढायला लागली. मग मागून हाक मारून: "माज्या पोरीला पायी नेऊ नका, वारा हाय. गाडी करा."

वद्य ६
दवाखाना. डॉक्टरने छाती ऐकली. ऊब ठेवा, औषध तीन वेळा, आठ दिवस सांगता येत नाही.
कंपाउंडर वहीत लिहून घेत होता. "बापाचं नाव?"
त्याचा मुलगा माझ्या वर्गात आहे. सौ. माझ्याकडे पाहत होती.
"आमची नाही. सखू आगरीण, बाळकुम. तिची."
त्याने टाक थांबवला. "मग मास्तर, तुम्ही कोण?"
"सांभाळतो."
त्याने लिहिले. बाकावरची माणसे ऐकत होती.
येताना गाडी मिळेना. तळ्याच्या काठाने, मुलीला धाबळीत गुंडाळून. सौ. रस्त्याने नेहमी दहा पावले मागे चालते. आज बरोबरीने चालली.

वद्य ९
ताप तसाच. शाळेत गेलो नाही. सौ.ने औषध पाजले, मी दिवा धरला. दोघांत मिळून दिवसभरात दहा शब्द.

पौष अमावास्या
ताप उतरला. खोकला आहे. सखू येऊन गेली. मीठ-मोहरीने दृष्ट काढली, मीठ स्वतःचे आणले होते. सौ.ला म्हणाली, "माजी पोर वालवून टाकलीत की गो! खायाला घालता का निसती अंगाई गाता?" सौ.ने मान खाली घालून ऐकून घेतले. मग तिला चहा केला. सखूने कप नाकाशी धरून वास घेतला, तोंड वाकडे केले, म्हणाली, "ह्यो तुमीच प्या."
सौ. हसली. किती दिवसांनी, मोजले नाहीत.

माघ शु. ४
सौ.ने लोणी कढवले. वास घरभर. दगडीने मान वळवून चुलीकडे पाहिले. मी बेरी खाल्ली, साखर घालून, भांड्यातूनच. सौ.ने आपला वाटा आधीच काढून ठेवला होता.
दुसरा ह्याच महिन्यात. वद्यात.

माघ शु. ११
सौ. तळ्यावर धुणे घेऊन गेली होती. दगडी गादीवर. मी जवळ, वह्या तपासत.
ती पालथी पडली. हात पोटाखाली अडकला होता. ओढून काढला. मान उचलली आणि माझ्याकडे पाहिले. मी दाराकडे पाहिले. कोणी नव्हते. तिला उताणी केले. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा कडेपर्यंत गेली आणि कपाळ लोडाला टेकले.
मूल पहिल्यांदा पालथे पडले की कोणाच्याही घरी गोड करतात. मी वह्या पुढे ओढल्या.
सौ. आली. "त्रास दिला?"
"नाही. पडून होती."
"बरं."
मग लोडाकडे लक्ष गेले. गादीची ती बाजू नेहमी मोकळी असते.
"हा इथे कधी लावलास?"
ती ओले लुगडे झटकत होती. वर पाहिले नाही.
"झाले चार दिवस."
सकाळपासून खोकला दोनदा. माघ अजून एकोणीस दिवस.