आईची अरबी

४ ऑगस्ट २०१९

आईची हिब्रू गेली. डॉक्टर म्हणतात, पक्षाघातात असं होतं कधी कधी — मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. उरली ती बगदादच्या ज्यूंची अरबी. मी अठ्ठावन्न वर्षांची झाले, त्या भाषेत ती माझ्याशी एकदाही बोललेली नाही! आता बोलते म्हणावं, तर जीभ जड झालीये. शब्दाचं शेपूट तोंडातच राहतं.

मी अरबीत विचारलं, "बरं वाटतंय का?" नर्स नजवा, तय्यिबे या अरब गावची, गालातल्या गालात हसली. "ओरनाताई, तुम्ही बातम्या देताय असं वाटतं."

खोटं नाही. अरबी मी लष्करात शिकले, मग विद्यापीठात. आईच्याच बोलीवर तीस वर्षं संशोधन करतेय, परक्या म्हाताऱ्यांसमोर टेप ठेवून. आईसमोर ठेवायची टाप नव्हती.

६ ऑगस्ट

बाहेर अडतीस अंश. वॉर्ड गार आहे, तेवढंच सुख. आई घुसमटायला नको म्हणून पांघरूण पायाशी सारलं.

दुपारी पहिल्यांदाच ऐकू येईल असं काही म्हणाली. "बग्दा…" पुन्हा, "बग्दा…" आणि रडायला लागली.

नजवाला हाक मारली. तिनं वाकून ऐकलं. "बगदाद म्हणताहेत. आमची आजी पण शेवटी शेवटी तिच्या गावाचंच नाव घ्यायची." ते गाव अठ्ठेचाळीस साली, इस्रायल झालं तेव्हा, पाडलं, हेही तिनं सहज सांगितलं आणि सलाइन बदलायला लागली. मी आईचे पाय दाबत बसले.

७ ऑगस्ट

दिवसभर बग्दा, बग्दा. फोन रेकॉर्डिंगला लावून उशीशी ठेवला. लाज वाटली. तरी ठेवला.

११ ऑगस्ट

एयाल आला. धाकटा असून मोठ्या भावासारखा आवाज चढवतो.

"माझे मित्र घरी आले की ही बाई अरबी रेडिओ बंद करायची. आजी बसमध्ये अरबीत बोलली तर तिला चिमटा काढायची. आणि आता हिला बगदाद आठवतंय?"

मी म्हटलं, एकोणीस वर्षांची पोर बगदाद सोडून इथल्या निर्वासितांच्या तंबूत येऊन पडली. तिची भाषा म्हणजे शत्रूची भाषा, असं उठता-बसता ऐकलं. तिनं काय करायला हवं होतं?

"तू कर विचार. तुला त्याचा पगार मिळतो."

एवढं बोलून बाथरूममध्ये गेला. बराच वेळ नळ सोडून उभा होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल.

१३ ऑगस्ट

तिच्या कपाटातून फोटो शोधून आणला. बगदादमधलं दजला नदीकाठचं घर, गच्चीवर सगळी भावंडं, आई कडेला उभी, केसांत फीत. तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिनं हातानं उडवून लावला.

मग माझी शाल धरली आणि ओढायला लागली. कुठून आली एवढी ताकद? मला वाटलं, जवळ बोलावतेय. वाकून गालाला गाल लावला. तिनं तोंड फिरवलं.

"आई, काय हवंय?" विचारलं. माझ्या त्या बातम्यांच्या अरबीत.

"बग्दा."

१६ ऑगस्ट

परिषदेचा निबंध पुरा केला. शेवटचं पान आईवर — जन्मभर दाबून ठेवलेली भाषा मरणाच्या दारात परत येते, आणि तिच्यासोबत हरवलेलं शहर. लिहिताना रडले. विभागप्रमुखांना पाठवला, तासाभरात उत्तर आलं: हे पान सगळ्यात सुंदर झालंय.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं.

१९ ऑगस्ट

आज चिडली. पलंगाच्या कठड्यावर मूठ आपटली. मीही ओरडले — बगदाद कुठून आणू तुला? शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली.

२२ ऑगस्ट

छातीत कफ झालाय. आवाज बंद. मी तिच्या ओठांकडे बघत बसते. हलतात, पण नुसते.

२५ ऑगस्ट

गेली. नजवा हात धरून होती. मी खाली गाडी लावायला जागा शोधत होते.

२९ ऑगस्ट

सुतकाचा पाचवा दिवस. खातून मावशीला तिच्या मुलानं बेरशेबाहून उचलून आणलं. आईची मावसबहीण, नव्वदीला टेकली, दोघी बगदादेत एकाच गल्लीत वाढलेल्या. म्हणाली, तुझ्या आईचा, माझ्या नाजियाचा आवाज तरी ऐकव. मी फोनवरचं रेकॉर्डिंग लावून दिलं.

ऐकलं तिनं. मग विचारलं, "घातलंत ना पण?"

"काय, मावशी?"

"पांघरूण. मागतेय ना ती."

"बगदाद म्हणतेय, मावशी."

"बगदाद कुठलं? बग्दाना म्हणतेय. थंडी वाजतेय तिला."

नजवाच्या लोकांत, बहुतेक अरबांत, थंडी वाजणारी बाई 'बर्दाना' म्हणते. बगदादच्या ज्यूंच्या तोंडी 'र'चा घशातला 'ग' होतो. माझा प्रबंध त्या एका अक्षरावर आहे.